लॉटमधील क्रमांक पस्तीस ते चाळीस

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी पुण्याच्या एका पंप कंपनीने लातूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे सहा फ्लँज परत पाठवले. फ्लँज म्हणजे पाइपाला पाइप जोडण्याची, कडेने भोके पाडलेली जाड लोखंडी चकती. सहाही चकत्या मापात बरोबर होत्या. सोबतच्या कागदावर परतीचे कारण इंग्रजीत एका ओळीत टाइप केलेले होते. त्याचे मराठी असे: लॉटमधील क्रमांक पस्तीस ते चाळीस, म्हणून अमान्य.

भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षे झाली होती. शहरात क्लाससाठी येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना खोल्या भाड्याने देण्याचा धंदा तेजीत होता आणि ज्या घरात खोली उरली नव्हती तिथे गच्चीवर पत्रे टाकले जात होते. मी त्याआधी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाची पाने कमी झाली, त्यात माझे पान गेले. लातूरच्या या कारखान्याला इंग्रजी आणि मराठी दोन्ही टाइप करणारा माणूस हवा होता, म्हणून मी तिथे लागलो.

कारखान्याच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. घराण्याची आडत होती, मोंढ्यात. भूकंपानंतर उद्योगासाठी सवलतीत प्लॉट मिळू लागले तेव्हा आप्पांनी एक घेतला. आडत सोडून लोखंडात का आलात, असे कोणी विचारले तर ते सांगत, "लोखंडाला उंदीर लागत न्हाईत."

कारखान्यात एकच वातानुकूलित खोली होती. तिच्यात आप्पा बसत नसत, मशीन बसत असे. काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर फ्लँज ठेवायचा; वरून एक सुई खाली येऊन त्याला जागोजागी टेकायची आणि संगणक प्रत्येक भोकाचे माप सांगायचा. हे मशीन चालवणाऱ्या बाई पॉलिटेक्निकच्या पदविकाधारक होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या कंत्राटावर होत्या. पुण्याने लागोपाठ तीन लॉट, म्हणजे चाळीस-चाळीस फ्लँजच्या तीन खेपा, एकही नग परत न करता घेतले की मॅडमना कायम करू, असे आप्पांनी नुकतेच सगळ्यांसमोर सांगितले होते.

या वाक्यावर एक घर थांबले होते. मॅडमचे यजमान नांदेडला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत आणि तिथेच खोली करून राहत. मुलगी मॅडमजवळ होती आणि जूनमध्ये पहिलीत जाणार होती. मॅडम कायम झाल्या तर यजमान लातूरला येणार होते. नाही झाल्या तर मॅडमनी नोकरी सोडून नांदेडला जायचे होते. नांदेडच्या क्लासने यजमानांकडे पुढच्या वर्षाचा होकार मेच्या मध्यापर्यंत मागितला होता. मॅडमना नांदेडला जायचे नव्हते. तसे त्या रोज एकदा तरी सांगत.

फ्लँज मोजून झाला की सॉफ्टवेअर एक रिपोर्ट छापत असे. वरच्या भागाला हेडर म्हणत. त्यात नगाचे नाव, ड्रॉइंगचा नंबर, लॉटचा नंबर, मोजणाऱ्याचे नाव, तारीख. त्याखाली मापे. मापे मॅडमची आणि हेडर माझे, अशी वाटणी होती. हेडरमध्ये आपल्याला हवे ते रकाने वाढवता येत. प्रत्येक रकान्याला दोन टिक होत्या: एक, हा भरल्याशिवाय मोजणी सुरू होऊ नये, दुसरी, हा रिपोर्टवर छापावा. मोजून झालेल्या रिपोर्टचे हेडर नंतरही बदलता येत असे. मापे बदलता येत नसत. ही सोय गिऱ्हाइकाच्या गरजेसाठी होती. आमच्याकडे ती घरच्या गरजेसाठी वापरली गेली.

पहिला रकाना आप्पांनी वाढवला. कुठल्याही कागदाच्या माथ्यावर देवाचे नाव पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आडतीच्या पावत्यांवरही ते असे. मी इंग्रजी अक्षरांत "प्रसन्न" असा रकाना उघडून त्यापुढे देवाचे नाव देवनागरीत टाकले. सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नव्हती. पहिल्या रिपोर्टच्या माथ्यावर प्रश्नचिन्हांची रांग छापून आली.

आप्पा ती रांग बराच वेळ बघत राहिले. "हे काय? देवाला प्रश्न विचारायलो का आपण?"

मग इंग्रजी अक्षरांत नुसते "श्री" ठेवले.

दुसरा रकानाही आप्पांचाच. जिल्ह्यात तेव्हा कुठलाही फॉर्म घेतला तरी त्यात भूकंपग्रस्त आहात काय, होय किंवा नाही, हा प्रश्न असे. शाळेचा, नोकरीचा, गॅस जोडणीचा. आप्पांच्या मते ज्या कागदावर हा प्रश्न नाही तो कागद अपुरा. उद्योग खात्याचा साहेब तपासणीला आला तर त्याला दिसले पाहिजे की आपण भूकंपग्रस्तांना काम दिले आहे. मॅडमचे माहेर किल्लारीजवळचे. भूकंपाच्या पहाटे त्या लातूरला अकरावीच्या वसतिगृहात होत्या. गावात असलेली घरची दोन माणसे गेली. गाव पुढे नव्या जागी, आखलेल्या चौकोनात वसवले गेले.

"मॅडम, तिथं होय टाका," आप्पा म्हणाले.

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? तुमी हाव ना भूकंपग्रस्त?"

"आहे. सर्टिफिकेट पण आहे. नोकरीच्या अर्जाला जोडीन. आप्पा, माझं घर पडलं होतं. फ्लँज कुठं पडलाय?"

रकाना मात्र राहिला, कारण आप्पांनी तो माझ्याकडून सक्तीचा करून घेतला होता. भरल्याशिवाय मोजणी सुरू होईना. मॅडम त्यात दर वेळी एक आडवी रेघ टाकत आणि पुढे जात. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक रिपोर्टवर "अर्थक्वेक अफेक्टेड", त्यापुढे रेघ, असे छापून जाऊ लागले. आप्पांनी रेघ चालवून घेतली. रकाना आहे एवढे त्यांना पुरे होते.

तिसरा रकाना सरांचा. सर म्हणजे आप्पांचे मेहुणे. शहरात त्यांचा मेडिकल आणि इंजिनिअरिंग प्रवेशाचा क्लास होता आणि कारखान्यात भागी होती. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांची सख्खी बहीणही म्हणे. एका दुपारी ते मोजणीच्या खोलीत आले, कारण बाहेर उन्हाचा कडाका होता, आणि त्यांनी टेबलावरचे चाळीस रिपोर्ट चाळले. प्रत्येकावर "ओके" होते.

"सगळेच ओके?" सर म्हणाले.

"सगळेच," मॅडम म्हणाल्या.

"मग पालकांना काय सांगायचं?"

"पालक?"

"गिऱ्हाईक म्हणा हो. त्यांना कळायला नको, आपल्यात हुशार कोण?"

मॅडमनी समजावले. ड्रॉइंगमध्ये भोकाचे माप दिलेले असते आणि केसापेक्षा बारीक असा फरक इकडे-तिकडे चालेल असेही दिलेले असते. त्या हद्दीत बसला तो फ्लँज चांगला. त्यात कमी चांगला आणि जास्त चांगला असे काही नसते.

"म्हणजे पास," सर म्हणाले. "पास सगळेच होतात, मॅडम. पास होण्यासाठी लातूरला कोण येतं?"

त्याच संध्याकाळी सरांनी गुणपद्धत लिहून दिली. ड्रॉइंगमधल्या मापाच्या जितके जवळ तितके गुण जास्त. गुणांची बेरीज करून लॉटमधल्या चाळीस फ्लँजना एक ते चाळीस क्रमांक द्यायचे. मॅडमनी आप्पांकडे तक्रार केली. आप्पा म्हणाले, "लावू द्या की निकाल. निकालावरच चाललंय ना सगळं गाव." मी "रँक इन लॉट" असा रकाना उघडला. चाळीसही फ्लँज मोजून झाले की मॅडम गुण काढत आणि मी हेडर बदलून सगळे रिपोर्ट पुन्हा छापत असे. वर्तमानपत्रात असताना दहावीचा निकाल मी याच पद्धतीने लावला होता.

असा छापलेला पहिलाच लॉट पुण्याला गेला आणि त्यातले शेवटचे सहा मंगळवारी परत आले.

पुण्याच्या तपासनिसांना फोन मी केला. मॅडम शेजारी उभ्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता, त्यांना सगळे ऐकू येत होते.

"साहेब, परत आलेले फ्लँज मापात आहेत. खालचे आकडे बघितले का?"

"आकडे बघायची वेळच नाही आली हो. वर तुम्हीच लिहून पाठवलंय, हा चाळिसावा आहे. चाळिसावा मी का घेऊ?"

"चाळिसावा असला तरी बरोबर आहे."

"बरोबर आहे तर चाळिसावा का आहे?"

मी गुणपद्धत सांगितली. 

"हे पहा, माझ्या वरच्या साहेबांनी हा कागद पाहिला आणि मला विचारलं, चाळिसावा का घेतला, तर मी काय उत्तर देणार? पस्तीसपासून खालचे आम्ही नाही ठेवत. आणि अजून एक. ते अर्थक्वेक अफेक्टेड काय आहे? माल भूकंपातला आहे का?"

"नाही साहेब. नंतरचा आहे."

"बरं. आणि ते प्रसन्न श्री कोण आहेत तुमच्याकडे? सगळ्यात वर नाव आहे, पण सही कुठेच दिसत नाही त्यांची."

मॅडमनी फोन ठेवायची खूण केली.

कारखान्यात ही बातमी तासाभरात पसरली. फ्लँज लेथवर घडवणारे कारागीर चाचा हे शहरातल्या जुन्या घराण्यातले; बापजाद्यांपासून खरादीचे काम. ते हात पुसत खोलीत आले. पायताण बाहेर काढून आले, कारण खोलीत धूळ चालत नसे.

"चालीसवा कौनसा है, दिखाव मेरेकू."

मॅडमनी दाखवला. चाचांनी तो उजेडात धरला, अंगठा कडेने फिरवला, नखाने वाजवला.

"इसमें क्या खराबी है?"

"काही नाही, चाचा."

"तो फिर फेल कैसा?"

"फेल नाही. शेवटचा आहे."

"अरे, चालीस बनाए तो कोई तो आखरी में रहेगाच ना! आखरी कू निकाल दिए तो उनचालीसवा आखरी. ऐसे निकालते गए तो एकच बचता. फिर वो एकच पंप कू लगाव." ते निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "और वो भी आखरीच रहेगा."

आप्पांनी सरांना बोलावले. सरांना परतीचे काही वाटले नाही. पहिल्या प्रयत्नात प्रत्येकाला लागत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी सहा फ्लँज पुढच्या लॉटमध्ये पुन्हा बसवायला सांगितले. पुन्हा बसवायचे म्हणजे काय करायचे, असे मॅडमनी विचारले. पुन्हा मोजायचे, सर म्हणाले.

ते सहा फ्लँज स्टोअरच्या कोपऱ्यात पडून होते. त्यांना कोणी हात लावला नव्हता. पुढच्या लॉटमध्ये त्यांची पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्यांतला एक तिसरा आला. कारण खोलीचे तापमान त्या दिवशी नीट होते. आधीच्या वेळी वीज येऊन-जाऊन होती, खोली तापत होती आणि लोखंड फुगत होते. हे मॅडमनी सरांना सांगितले.

"तापमान काहीही असो," सर म्हणाले. "सदतिसावा होता, तिसरा आला. परीक्षेला पुन्हा बसणाऱ्या रिपीटरला फायदा होतो हे मी वर्षानुवर्षे सांगतोय." त्यांनी माझ्याकडे वळून हेडरमध्ये "रिपीटर, येस ऑर नो" असा रकाना घालायला सांगितले. मी घातला.

तिसरा आलेला रिपीटर पुण्याने ठेवून घेतला. नव्या लॉटमधले पस्तीस ते चाळीस परत केले. त्यांत रिपीटर एकही नव्हता. एप्रिल लागला होता.

मॅडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही. नांदेडहून यजमानांचा फोन कार्यालयात आला तेव्हा त्या टेबलाशी उभ्या राहून एवढेच बोलल्या, "नाही. अजून एक पण लॉट पूर्ण नाही गेला. थांबा म्हणा त्यांना. नाही, भांडत नाहीये मी. इथं लोक आहेत." फोन ठेवून त्या थेट आप्पांच्या खोलीत गेल्या. सर तिथेच होते. आप्पांनी मला हिशेबाच्या कामासाठी बोलावले होते, म्हणून मीही होतो.

"आप्पा, तो रँकचा रकाना काढा. असा एक पण लॉट पूर्ण जाणार नाही. कधीच नाही."

"सरांचा हाय तो रकाना," आप्पा म्हणाले. "मी कसा काढू? भागी हाय त्यांची."

"रँक काढून कसं चालेल?" सर म्हणाले. "मग मेहनत कोण करेल? फ्लँजचं सोडा, चाचांचं बघा. रँक सुरू झाल्यापासून चहाला जात नाहीत."

"चाचा चहाला जात नाहीत, कारण चिडलेत. सर, मला एक सांगा. तुमच्या क्लासात शेवटी कुणीच नसतं का?"

"असतं की."

"मग चौकातल्या बोर्डावर त्याचा फोटो का नाही?"

सरांना प्रश्नाचे नवल वाटले. "शेवटच्याचा फोटो कशाला लावू? बोर्ड पहिल्या दहांचा असतो. बाकीच्यांनी पण फी भरलेली असते, मॅडम. त्यांना कशाला उघडं पाडायचं?"

आप्पा खुर्चीत पुढे झाले. ते इतका वेळ कानात काडी घालून बसले होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"मग तुमच्या या दाजीचंच वाकडं का? आडतीवर आमी बी नमुना मुठीत वरचा घेतो. पोतं खालून उपसून कोण दाखवतंय? सर, तुमी गावात जे करता तेच हितं करा. पयल्या दहांना रँक. बाकीच्यांच्या कागदावर रकानाच न्हाई."

सरांनी विचार करायला वेळ घेतला नाही. ही रीत त्यांची स्वतःचीच होती. "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

मी हेडरचे दोन नमुने जतन केले. पहिल्यात "रँक इन लॉट"ची छापायची टिक ठेवली, दुसऱ्यात काढली. पहिल्या दहा फ्लँजचे रिपोर्ट पहिल्या नमुन्यात छापायचे, बाकीच्या तिसांचे दुसऱ्यात. रिपीटरचा रकाना मी दोन्ही नमुन्यांत छापायचा नाही असे केले. त्याबद्दल कोणी विचारले नाही. प्रसन्न आणि भूकंपग्रस्त हे रकाने आप्पांच्या सांगण्यावरून राहिले.

सरांनी याच्यावर आणखी एक गोष्ट केली. कारखान्याच्या फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर गोल चौकटींत तीन फ्लँजचे फोटो होते, मधला मोठा. वर "हार्दिक अभिनंदन", खाली प्रथम, द्वितीय, तृतीय. फ्लँज दिसायला एकसारखे असल्याने फोटोवाल्याने एकच फोटो तीन वेळा वापरला होता. एमआयडीसीत माल घ्यायला येणारे ट्रकवाले गाडी हळू करून तो वाचत. चाचांनी तो दोन दिवस वाचला नाही. तिसऱ्या दिवशी ते आप्पांना म्हणाले, "फोटू लोखंड का लगाए. बनाया किसने?" मग फ्लेक्सच्या तळाशी चाचांचा टोपीतला फोटो चिकटवण्यात आला. त्याखाली मी आप्पांच्या सांगण्यावरून "मार्गदर्शक" असे लिहून दिले. वर्तमानपत्रात मी तो शब्द कापला असता.

एप्रिलच्या मध्याला गेलेला लॉट पुण्याने पूर्ण घेतला. तपासनिसांचा फोन आला तो पहिल्या दहांबद्दल. हे दहा फार चांगले आहेत, आम्ही ते वेगळ्या रॅकवर ठेवले आहेत, साहेबांना दाखवायला, असे ते म्हणाले. बाकीच्या तिसांबद्दल त्यांनी एवढेच विचारले की ते मापात आहेत ना.

"आहेत," मी म्हणालो.

"मग ठीक आहे. हे आधी का नाही केलंत?"

दुसरा लॉटही पूर्ण गेला. तिसरा निघायच्या आदल्या दिवशी मॅडमनी चाळीस रिपोर्ट माझ्यासमोर एकेक करून तपासले. अकराव्या फ्लँजच्या कागदावर चुकून क्रमांक छापला गेला होता. त्यांनी तो कागद फाडला आणि नवा छापून होईपर्यंत त्या प्रिंटरपाशी उभ्या राहिल्या.

तिसरा लॉट पूर्ण घेतल्याचा फॅक्स मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मॅडमनी तो दोनदा वाचून आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी मला त्यांना कायम करण्याचा आदेश टाइप करायला सांगितला. आदेशावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागत. आप्पांनी लगेच केली. सरांनी कागद बाजूला ठेवला.

"मॅडम, तुमचे मिस्टर केमिस्ट्री शिकवतात म्हणे."

"हो."

"नांदेडला?"

"हो. पण इकडं यायचंय त्यांना. म्हणूनच तर..."

"ऑरगॅनिक का इनऑरगॅनिक?"

"दोन्ही शिकवतात."

"रविवारी बोलवा. एक तास घेऊ द्या त्यांना आमच्या बॅचला. बघू."

मॅडम आप्पांकडे वळल्या. "आप्पा, तीन लॉट गेले. माझ्या आदेशाशी ह्यांच्या तासाचा काय संबंध?"

"काईच न्हाई," आप्पा म्हणाले. "पर सही सरांची लागते."

यजमान रविवारी सकाळच्या एसटीने नांदेडहून आले. बसस्थानकावर मॅडम आणि मुलगी त्यांना घ्यायला गेल्या होत्या. तास क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये झाला. सर शेवटच्या बाकावर बसले होते. तास संपल्यावर त्यांनी फळा पुसू नका म्हणून सांगितले आणि फळ्यावरचे उतरवून घेतले.

सोमवारी सरांनी आदेशावर सही केली. मॅडम एक जूनपासून कायम झाल्या. यजमानांनी नांदेडच्या क्लासला नकार कळवला, खोली सोडली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली. मुलीचे नाव लातूरच्या शाळेत पहिलीत घालण्यात आले.